इन्स्टॉल तर झालंय, मग सापडत का नाही?

ताई, लॅपटॉप फॉरमॅट करू नका. भाच्याने सल्ला दिलाय खरा, पण यात लॅपटॉपचा काडीचा दोष नाही. तुमचाही नाही.

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. या ताई वाघोलीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. उन्हाळ्यात रोज येणाऱ्या पाण्याच्या टँकरची नोंद वॉचमन वहीत करतो, त्या ती एक्सेलमध्ये उतरवतात, आणि महिन्याचा हिशेब पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काढायचा म्हणून रात्री जागून शिकताहेत. विंडोज ११ चा लॅपटॉप आणि व्हीएस कोड, म्हणजे कोड लिहायचा आणि चालवायचा एडिटर. पांडाज हे तक्ते हाताळणारं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणि पिप म्हणजे अशी पॅकेजं आणून टाकणारा प्रोग्रॅम. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'पिप इन्स्टॉल पांडाज' दिलं की ते म्हणतं 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड', म्हणजे आहे की आधीच. प्रोग्रॅम चालवला की तोच लॅपटॉप म्हणतो 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. तीनदा काढून परत टाकलं, रीस्टार्ट केलं, फरक शून्य.

एक खुलासा आधीच करतो. मी फोनवर पोरांना कमांड जशा बोलून सांगतो तशाच इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, 'डॅश' म्हटलं की आडवी रेघ, 'डॉट' म्हटलं की टिंब.

आता गंमत बघा. तुम्ही जो मजकूर पाठवलाय त्यातच उत्तर आहे. 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड : पांडाज' एवढंच वाचून आपण थांबतो, पण ओळ तिथे संपत नाही. पुढे 'इन' असा शब्द आहे आणि त्यापुढे एक लांबलचक पत्ता: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्रॅम्स, पायथन, पायथन३११, लिब, साइट-पॅकेजेस. म्हणजे पांडाज आहे, पण पायथनच्या ३.११ या व्हर्जनच्या घरात. आणि व्हीएस कोडच्या खिडकीचा जो फोटो पाठवलात, त्याच्या खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय? ३.१३. दोघंही खरं बोलताहेत, फक्त दोघं एकाच घराबद्दल बोलत नाहीयेत.

पुण्यातल्या दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अभिमानाने लावतात. पायथनला ती पाटी लावता येणार नाही. एकाच लॅपटॉपवर त्याच्या चार-चार शाखा निघतात, प्रत्येकीचं गोदाम वेगळं, आणि एका शाखेत उतरवलेला माल दुसरीच्या काउंटरवर मिळत नाही. त्या गोदामाचंच नाव साइट-पॅकेजेस. शाखा निघतात कशा तर नकळत. कधीतरी कोर्ससाठी एक व्हर्जन टाकलेलं असतं. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून नवीन टाकलं, जुनं काढायचं राहिलं. मधेच विंडोजमध्ये 'पायथन' एवढंच टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं आणि तिथूनही एक आलं. वर कुणी अ‍ॅनाकोंडा हा पायथनचा तयार संच टाकून दिला असेल तर त्याचा संसार आणखी निराळा.

तुमच्या लॅपटॉपवर किती आहेत ते बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'पीवाय डॅश शून्य पी' द्या. सगळी व्हर्जनं पत्त्यासकट दिसतील. काही लोक 'व्हेअर पायथन' सांगतात, तेही चालतं, पण पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये, नुसतं 'व्हेअर' दिलंत तर काहीच उमटत नाही, कारण तिथे तो शब्द दुसऱ्याच कामाला जुंपलेला आहे. तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई पायथन' द्यावं लागतं. यात माझी एकदा अर्धी दुपार गेली आहे, म्हणून सांगतो.

पण यादी हा झाला अंदाज. खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या प्रोग्रॅमला एरर येते त्यालाच विचारणं. तुमच्या टँकरच्या फाइलमध्ये अगदी वर, पांडाजच्या ओळीच्याही आधी, दोन ओळी टाका: 'इम्पोर्ट सिस' आणि खाली 'प्रिंट', कंसात 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'. नेहमी जिथून चालवता तिथूनच चालवा, दुसरीकडून नाही. जो पत्ता छापून येईल तो पायथन तुमचा प्रोग्रॅम चालवतोय. बाकी कुणी काहीही सांगो, हा साक्षीदार फिरत नाही.

पत्ता मिळाला की इन्स्टॉलची भाषा बदला. 'पिप इन्स्टॉल' हे एकटं कधीही म्हणू नका. 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज' म्हणा. दोन्ही सारखं वाटतं, पण नुसतं 'पिप' म्हणजे पिप डॉट ईएक्सई नावाचा एक छोटा प्रोग्रॅम, आणि कुठल्या पायथनसाठी काम करायचं ते त्याच्या पोटात आधीच कोरलेलं असतं. पाथ म्हणजे कमांड शोधायला विंडोज ज्या फोल्डरांमधून क्रमाने हिंडतं ती यादी. तिच्यात ज्याचा पिप आधी सापडेल तो धावतो. तुमच्या बाबतीत ३.११ वाला धावत होता, आणि इमानेइतबारे सांगत होता की माझ्याकडे आहे बुवा. 'डॅश एम' म्हटलं की आधी पायथन ठरतो आणि मग त्याचाच पिप हाताशी येतो. 'पायथन' या शब्दाबद्दलही शंका असेल तर मघाशी छापून आलेला पूर्ण पत्ताच त्याच्या जागी लिहा. विंडोजवर 'पीवाय डॅश ३.१३ डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज' असंही चालतं.

उलटाही रस्ता आहे: माल हलवण्याऐवजी दुकान बदला. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबा, 'पायथन : सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधा आणि यादीतला ३.११ निवडा. यात एक खाच आहे. पुष्कळ जणांनी कोड रनर नावाचं एक्स्टेन्शन टाकलेलं असतं. मग चालवायची त्रिकोणी बटणं दोन होतात, आणि कोड रनरचं बटण तुमची ही निवड न जुमानता स्वतःच्या सेटिंगप्रमाणे, म्हणजे बहुधा पाथवरचा पहिला पायथन चालवतं. इंटरप्रिटर बदलूनही एरर तशीच राहिली तर कुठल्या बटणावर बोट ठेवताय ते आधी बघा.

तुमचं काम एवढ्यानेही होईल. पण मी तुमच्या जागी असतो तर इथे न थांबता या हिशेबासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट केलं असतं. ही सोय, व्हेनव्ह, पायथनमध्येच २०१२ पासून, म्हणजे ३.३ पासून आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पायथन डॅश एम व्हेनव्ह डॉट व्हेनव्ह' द्यायचं, पहिल्या 'व्हेनव्ह'नंतर जागा सोडून. 'डॉट व्हेनव्ह' नावाचं एक फोल्डर तयार होतं, त्यात या प्रोजेक्टपुरता पायथन आणि त्याचं स्वतःचं रिकामं गोदाम. व्हीएस कोड बहुतेक वेळा स्वतःहूनच विचारतो की हेच वापरू का, तेव्हा हो म्हणायचं.

इथे शंभरातले बरेच जण पॉवरशेलच्या दारात अडकतात. एन्व्हायर्नमेंट सुरू करायला 'अ‍ॅक्टिव्हेट' चालवलं की लाल अक्षरांत येतं की या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. ही बंदी विंडोजची आहे, पायथनचा संबंध नाही. 'सेट डॅश एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड डॅश स्कोप करंटयूजर' देऊन ती फक्त तुमच्यापुरती सैल करता येते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तेही करू देत नाहीत. मग काय? काही नाही. अ‍ॅक्टिव्हेट ही काही प्राणप्रतिष्ठा नव्हे. ते मुख्यतः एवढंच करतं की या फोल्डरमधला पायथन पाथमध्ये सगळ्यात पुढे आणून ठेवतं. तुम्ही थेट 'डॉट व्हेनव्ह', त्यातलं 'स्क्रिप्ट्स', त्यातला 'पायथन डॉट ईएक्सई' असा पूर्ण पत्ता देऊन काहीही चालवलंत तर अ‍ॅक्टिव्हेट न करता तेच काम होतं. मी स्वतः सर्व्हरवर कधीच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही.

आणि हे फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नका. पेनड्राइव्हवरून भाच्याच्या लॅपटॉपवर टाकलंत, किंवा नुसतं डेस्कटॉपवरून डी ड्राइव्हवर हलवलंत, तरी आतले पिपसारखे प्रोग्रॅम जुनाच पत्ता धरून बसतात आणि 'फेटल एरर इन लाँचर' म्हणून रुसतात. एन्व्हायर्नमेंट हलवायचं नसतं, पुसून नव्या जागी परत बनवायचं असतं. त्यासाठीच 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी' नावाची यादी ठेवतात. तुमच्या यादीत दोनच नावं असतील, पांडाज आणि ओपनपायएक्सएल.

दुसरं नाव आत्ताच का काढलं? कारण पांडाज सापडलं की तुम्ही आनंदाने चहा टाकायला जाल, आणि परत येईपर्यंत स्क्रीनवर नवीन एरर असेल. पांडाजला एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल वाचायला ओपनपायएक्सएल लागतं, आणि पांडाज टाकताना ते आपोआप येत नाही. ज्यांना एक्सेल वाचायचंच नाही त्यांच्या गळ्यात कशाला मारा, हा त्यामागचा विचार. बरोबरच आहे, पण नवख्याचा जीव जातो. तेव्हा दोन्ही एकदमच टाका.

एरर वाचताना शेवटच्या ओळीतलं नाव नीट बघायची सवय लावून घ्या. 'नो मॉड्यूल नेम्ड' याच्यापुढे कोण आहे? तुम्ही मागितलेलंच मॉड्यूल आहे, की त्याने आतून मागितलेलं दुसरंच कुणी? आणि एरर 'मॉड्यूल नॉट फाउंड' आहे की नुसती 'इम्पोर्ट एरर'? पहिली ही दुसरीची लेक, डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ व्हर्जनबरोबर आली. तिचा अर्थ 'त्या नावाचं काहीच सापडलं नाही'. नुसती इम्पोर्ट एरर असेल तर बहुधा घर सापडलंय, पण आत गेल्यावर हवी ती वस्तू नाही. 'कॅनॉट इम्पोर्ट नेम' किंवा 'डीएलएल लोड फेल्ड' या त्यातल्याच. अशा वेळी तेच पॅकेज परत परत इन्स्टॉल करत बसणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र पाठवून उत्तराची वाट बघणं.

आता शोध कसा चालतो ते सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेल्या निम्म्या एरर स्वतःच सोडवाल. अप्पा बळवंत चौकात पुस्तक शोधायला गेला आहात असं समजा. एका टोकापासून सुरुवात, पहिल्या दुकानात विचारायचं, नाही म्हणाला की पुढचं दुकान. ज्या पहिल्या दुकानात त्या नावाचं पुस्तक मिळेल ते घ्यायचं आणि घरी यायचं. पायथन अगदी तसाच हिंडतो, फक्त घेताना लेखकाचं नाव बघत नाही, मुखपृष्ठावरचं नाव जुळलं की झालं. दुकानांची ही क्रमवार यादी म्हणजे 'सिस डॉट पाथ'. तीही छापून बघा. पहिलं दुकान असतं तुम्ही चालवत असलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते. मग 'पायथनपाथ' नावाचा व्हेरिएबल कुणी भरून ठेवला असेल तर त्यातली फोल्डरं. मग पायथनबरोबर आलेली स्टँडर्ड लायब्ररी. साइट-पॅकेजेस, जिथे तुमचं पांडाज येऊन पडतं, ते रांगेच्या शेवटी.

पहिलं दुकान तुमचंच फोल्डर, या एका गोष्टीने मला जन्माची अद्दल घडवली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अनंत चतुर्दशीचा आदला दिवस, मी नारायण पेठेत राहायचो. दुसऱ्या दिवशी रस्ते बंद, त्यामुळे ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता आणि एक काम घरूनच संपवायचं होतं: एका सर्व्हिसकडून रोजची माहिती खेचून आणणारा छोटा प्रोग्रॅम. कित्येक महिने बिनतक्रार चालत असलेला. त्यात फक्त सुट्ट्यांच्या दिवशी थांबायची सोय घालायची होती. मी सुट्ट्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आणि शहाणपणाने तिला नाव दिलं 'कॅलेंडर डॉट पीवाय'. चालवलं, तर रिक्वेस्ट्स हे पॅकेज इम्पोर्टच होईना. एरर काय, तर 'कॅनॉट इम्पोर्ट नेम टाइमजीएम फ्रॉम कॅलेंडर'. हे टाइमजीएम कोण? मी तर बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. रिक्वेस्ट्स काढून टाकलं, परत घातलं. व्हर्जन मागे नेलं. एन्व्हायर्नमेंट नवीन केलं. खिडकीखालून ढोलपथकांचा सराव चाललेला, डोकं भणभणलेलं, आणि मी वेबवर टाइमजीएम शोधतोय.

रात्री कधीतरी ट्रेसबॅक, म्हणजे कुणी कुणाला हाक मारली याची एररसोबत छापून येणारी यादी, वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ बोट ठेवून वाचला. रिक्वेस्ट्स कुकीजसाठी पायथनच्याच एचटीटीपी लायब्ररीतल्या कुकीजारला हाक मारतं. कुकीजार तारखांसाठी पायथनच्या कॅलेंडर मॉड्यूलकडून टाइमजीएम मागतं. आणि अगदी शेवटच्या ओळीत, कंसात, त्या कॅलेंडरचा पत्ता होता माझ्या फोल्डरचा. सुट्ट्यांच्या यादीकडे टाइमजीएम कुठून असणार! फाइलचं नाव 'सुट्टी' केलं आणि सगळं चालू झालं. एक शब्द बदलायला सहा तास.

म्हणून फाइलला नाव देताना रँडम, ईमेल, सीएसव्ही, डेटटाइम, कॅलेंडर, टेस्ट, आणि मुख्य म्हणजे जे पॅकेज शिकताय त्याचंच नाव, हे सगळं टाळा. पांडाज शिकणारा सरावाच्या फाइलला 'पांडाज डॉट पीवाय' असं नाव देतो हे मी शनिवारच्या वर्गात दर बॅचला बघतो. संशय आला तर मॉड्यूललाच विचारा की तू कुठला: 'प्रिंट', कंसात 'कॅलेंडर डॉट', पुढे दोन अंडरस्कोर, 'फाइल', परत दोन अंडरस्कोर. पत्ता तुमच्या फोल्डरचा आला की चोर घरातच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ पासून पायथन काही वेळा स्वतःच सुचवतो की तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीशी जुळतंय, बदलून बघा. माझ्या वेळी हे असतं तर त्या रात्री ढोल ऐकत निवांत झोपलो असतो.

'टँकर डॉट पीवाय' हे तुमचं नाव उत्तम आहे, ते बदलू नका.

पुढची गफलत नावांचीच, पण वेगळ्या जातीची. दुकानातलं नाव एक आणि घरातलं एक. इन्स्टॉल करताना म्हणायचं ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट करताना सीव्ही२. पिलो आणायचं आणि हाक पीआयएल अशी मारायची. सायकिट-लर्न येतं ते एसकेलर्न होऊन. ब्यूटिफुलसूप४ घरात बीएस४ असतं, आणि पायवायएएमएलला नुसतं वायएएमएल म्हणतात. यात नियम शोधायला जाऊ नका, पॅकेज करणाऱ्याला वाटलं ते नाव त्याने ठेवलं. बुधवार पेठेतून सेन्सर आणून आर्डुइनोशी खेळणारी पोरं तर हमखास फसतात: 'इम्पोर्ट सिरियल' ही ओळ बघून 'पिप इन्स्टॉल सिरियल' करतात. त्या नावाचंही एक पॅकेज आहे, पण त्याचा सिरियल पोर्टशी संबंध नाही. हवं असतं पायसिरियल. वर्डच्या फाइलींसाठी नुसतं 'डॉक्स' टाकलं तर एक जुनाट पॅकेज येतं आणि 'नो मॉड्यूल नेम्ड एक्सेप्शन्स' अशी भलतीच तक्रार करतं, कारण ते पायथन २ च्या काळातलं आहे. तिथे पायथन-डॉक्स लागतं.

म्हणून एररमध्ये दिसलेलं नाव जसंच्या तसं पिपला देऊन बघू, जमलं तर जमलं, हा खेळ खेळू नका. पिप जिथून पॅकेजं आणतं त्या पायपीआय या कोठारात कुणीही खातं उघडून पॅकेज ठेवू शकतं, आणि प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर फिरवून खोडसाळ माल ठेवणारेही आहेत. मार्च २०२४ मध्ये अशा पॅकेजांचा इतका पूर आला की पायपीआयला नवीन खाती उघडणं काही तास बंद ठेवावं लागलं. हल्ली चॅटबॉटही कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतात, आणि ते नाव कुणीतरी आधीच पटकावून ठेवलेलं असू शकतं. पॅकेजच्या अधिकृत पानावर इन्स्टॉलची जी ओळ दिलेली असते तीच घ्या. सोसायटीचे बँकेचे पासवर्ड याच लॅपटॉपवर असतील ना?

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की स्वतःचीच फाइल का सापडत नाही. तेही त्याच रांगेचं प्रकरण आहे. तुमच्या 'सोसायटी' फोल्डरमध्ये टँकरचे दर असलेली 'दर' ही फाइल आहे, आणि 'रिपोर्ट' या आतल्या फोल्डरमध्ये 'महिना' ही फाइल आहे. 'महिना'ला 'दर' हवी आहे. तुम्ही 'महिना' उघडून त्रिकोण दाबता, तेव्हा पहिलं दुकान होतं 'रिपोर्ट', कारण चालवलेली फाइल तिथे आहे. 'दर' बसली आहे बाहेरच्या फोल्डरमध्ये आणि ते फोल्डर रांगेतच नाही. टर्मिनल 'सोसायटी'मध्ये उघडा आणि 'पायथन डॅश एम रिपोर्ट डॉट महिना' द्या, शेवटी 'डॉट पीवाय' न लावता. 'डॅश एम'ने चालवलं की जिथे उभे आहात ते फोल्डर पहिलं दुकान होतं. लोक यावर 'सिस डॉट पाथ डॉट अपेंड' करून फोल्डरचा पत्ता कोडमध्येच चिकटवतात. चालतं, मीही केलंय. पण दुसऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर तो पत्ता नसतो, मग तो तुम्हाला फोन करतो. त्याहून सोपं सांगू? तीनच फाइली आहेत, तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा.

जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर आणखी एक धोंड वाटेत येईल. काही मॉड्यूलं पायथनमधून खरोखरच गेली आहेत. डिस्टयूटिल्स आणि इम्प ही ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये काढली, आणि ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट, इमेजएचडीआर अशी १९ जुनी मॉड्यूलं एकदम निवृत्त केली. ही स्टँडर्ड लायब्ररीतलीच असल्याने कुणाला शंकाही येत नाही. डिस्टयूटिल्ससाठी सेटअपटूल्स टाकलं की सहसा भागतं. बाकी ठिकाणी ज्या पॅकेजने ते मागितलं त्याचं नवीन व्हर्जन घ्या, आणि ते कुणी सांभाळतच नसेल तर एन्व्हायर्नमेंट ३.११ वर बनवा. तुमच्या जुन्या ३.११ चा असा उपयोग होऊ शकतो, काढून टाकायची घाई करू नका.

बाकीच्यांसाठी थोडं भराभर. ज्युपिटर या ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये उद्गारचिन्ह लावून पिप चालवू नका, 'टक्के पिप इन्स्टॉल' म्हणा, म्हणजे नोटबुक ज्या कर्नलवर चालतंय त्याच्याच गोदामात माल जातो. उबंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप वापरलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडवलं जातं. तिथेच खाली 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्यायही लिहिलेला असतो आणि लोक तो आनंदाने कॉपी करतात. नावातच 'मोडा' म्हटलंय, आणखी काय सांगायचं? व्हेनव्ह करा. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, इन्स्टॉल केलेलं पॅकेज तुमच्या व्हेनव्हमध्ये येत नाही, आणि व्हेनव्हमधलं पॅकेज सुडो लावून चालवलेल्या सिस्टिमच्या पायथनला दिसत नाही. खिडक्या-बटणं बनवायचं टीकेइंटर उबंटूवर पिपने येत नाही, 'एपीटी इन्स्टॉल पायथन३ डॅश टीके' लागतं. दिवसा हाताने चालणारा प्रोग्रॅम पहाटे क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून, मरत असेल तर क्रॉनला तुमचा पाथ ठाऊक नसतो. क्रॉनच्या ओळीत व्हेनव्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. हिंजवडीतल्या एका कंपनीत एका रिपोर्टसाठी आम्ही आठवडाभर रोज पहाटे पाचला उठून बघत बसलो होतो, तो या एका ओळीवर अडला होता. आणि विंडोजवर फाइलचं नाव मोठ्या अक्षराचं छोटं केलंत तर गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो बदल बहुधा कळतच नाही. सर्व्हरवर जुनंच नाव जातं आणि मॉड्यूल सापडत नाही. तिथे 'गिट एमव्ही' वापरा.

ताई, तुम्ही आज रात्री एवढंच करा. सोसायटीच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. 'पीवाय डॅश ३.१३ डॅश एम व्हेनव्ह डॉट व्हेनव्ह'. मग 'डॉट व्हेनव्ह'मधल्या पायथनचा पूर्ण पत्ता देऊन 'डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज ओपनपायएक्सएल'. व्हीएस कोडमध्ये तोच इंटरप्रिटर निवडा आणि प्रोग्रॅम चालवा. तरीही अडलं तर तीन गोष्टी पाठवा: सिस डॉट एक्झिक्युटेबलने छापलेला पत्ता, सिस डॉट पाथची यादी, आणि ट्रेसबॅक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. फोटो नको, मजकूर कॉपी करून. मागच्या फोटोत उजवीकडची निम्मी ओळ कापली गेली होती, आणि पत्ते सगळे उजवीकडेच असतात.